जीपखालची परात

बाकीचे मेकॅनिक गाड्या चालू करून देतात. मी पस्तीस वर्षं लोकांना गाड्या थांबवून दिल्या. असं सांगितलं की नवा माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, म्हणजे काय? म्हणजे ब्रेक. सहा वर्षं अमरावतीला दुसऱ्याच्या हाताखाली आणि उरलेली सगळी अकोल्यात स्वतःच्या शेडमध्ये मी फक्त ब्रेकचं काम केलं. इंजिनाचा आवाज येतो म्हणून कुणी आलं तर त्याला चहा पाजून पलीकडच्या गल्लीत पाठवायचो.

इंजिनवाल्याला मान असतो. गाडी सुरू झाली की मालक त्याच्या पाठीवर थाप मारतो. ब्रेकवाल्याचं काम चांगलं झालं तर काहीच घडत नाही. गाडी जिथं थांबायला हवी तिथं थांबते आणि त्याबद्दल कुणी कुणाचे आभार मानत नाही. मला पूर्वी याचं वाईट वाटायचं. आता वाटत नाही, कारण हिशेब मांडला तर आभार मीच मानायला हवेत. या अंकाच्या संपादकांनी ‘तुमच्या कामाबद्दल काहीही लिहा’ म्हटलं, त्या ‘काहीही’चा फायदा घेऊन ते मी इथं मानून घेतो.

ज्यांनी गाडीखाली कधी डोकावलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगायला हवं. तुम्ही पेडल दाबता तेव्हा पुढच्या डबीतलं ब्रेक ऑइल ढकललं जातं. ते बारीक लोखंडी पाईपांतून चारही चाकांपर्यंत पोचतं आणि चाक आवळून धरणाऱ्या भागांना दाबतं. हे पाईप करंगळीपेक्षा बारीक असतात आणि गाडीच्या पोटाखालून जातात. चिखल, खडी, पाणी, सगळं त्यांच्या अंगावर. पाईपला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं तरी पेडल दाबल्यावर ऑइल तिथून बाहेर येतं आणि चाकापर्यंत जोर जात नाही. आताच्या गाड्यांत दोन वाटा असतात, एक फुटली तरी दुसरी काम करते. जुन्या जीपमध्ये वाट एकच. एक भोक पडलं की चारही चाकं मोकळी.

गंज नेहमी तुम्ही बघणार नाही अशा जागी धरतो. पाईप ज्या पट्टीनं चासीला बांधलेला असतो त्या पट्टीच्या आत, किंवा मागची दोन चाकं जोडणाऱ्या दांड्यावर जिथं आमची काळी माती थापली जाते त्या मातीच्या खाली. वरून पाईप ठीक दिसतो. म्हणून मी कधी नुसतं बघून पाईप पास केला नाही. पट्टी सोडवायची, माती काढायची आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं पाईप हलकेच खरवडायचा. खपली निघून खाली चकचकीत लोखंड दिसलं तर ठीक. खड्डे दिसले तर पाईप बदलायचा.

बदलायचं काम शकीलभाईंचं. ते माझे भागीदार. पाईप वाकवणं आणि त्याचं तोंड फुलवणं त्यांच्याकडे, बाकी माझ्याकडे. तोंड फुलवणं म्हणजे पाईपच्या टोकाची कड अशी दाबून दुमडायची की ती नटात घट्ट बसेल आणि ऑइल गळणार नाही. ही घडी दुहेरी हवी. एकेरी घडी झटपट होते, दिसायलाही बरी दिसते, आणि वर्षभरात चिरते. शकीलभाईंच्या हातची घडी चिरलेली मी पाहिली नाही. गंजलेला तुकडा कापून मध्ये जोड टाकून द्या असं गिऱ्हाईक म्हणालं की ते त्याच्याकडे बघतसुद्धा नसत. “जोडाचा पाईप आपल्याकडं नाई भाऊ. इकडून तिकडं अख्खा टाकू, नाई तं चाय प्या अन् जा.” तांब्याच्या पाईपचंही तेच. रस्त्याकडेला तांब्याचा पाईप टाकून देणारे पुष्कळ होते. हातानं वाकतो, गंजत नाही, गिऱ्हाईक खूश. पण धक्के बसून बसून तांबं ताठर होतं आणि एक दिवस तडकतं. त्यामुळे आमच्याकडून बरीच गिऱ्हाइकं चहा पिऊन गेली.

काही मात्र लक्षात राहिली. अमरावतीचे एक वकीलसाहेब वडिलांची जुनी गाडी घेऊन आले. नऊ वर्षं ती त्यांच्या घरच्या शेडमध्ये आच्छादन घालून ठेवलेली. पाईप बदलावे लागतील म्हटल्यावर त्यांनी मलाच उलटतपासणीला घेतलं. “जी गाडी चाललीच नाही तिचे पाईप गंजतील कशाने? हे तर्कात बसत नाही.” मी एक पाईप सोडवला आणि आतलं ऑइल काचेच्या ग्लासात ओतलं. कडक चहाच्या रंगाचं, खाली गाळ. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलायचं असतं. नाही बदललं तर पाईप आतून गंजतो, गाडी हलो न हलो. साहेबांनी ग्लास उजेडात धरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, “पुरावा मान्य.”

दुसरा एक लग्नसराईत गाडी भाड्यानं देणारा. त्यानं गंजलेल्या पाईपांना वरून सोनेरी रंग मारून आणला होता. मी खरवडलं तर रंगाची साल निघाली आणि स्क्रू ड्रायव्हरचं टोक सरळ आत गेलं. तो दुखावल्या आवाजात म्हणाला, “काहून खरडून राहिले भाऊ, चांगला दिसून राहिला होता ना.” त्याला वरातीची काळजी होती, मला वरातीतल्या लोकांची.

या गोष्टी मी चारचौघांत हसत हसत सांगतो. पुढची एक मात्र बरीच वर्षं सांगत नव्हतो, कारण तिच्यात चूक माझी आहे.

तेल्हारा तालुक्यातल्या एका गावचे शालिग्रामभाऊ दर पावसाळ्याआधी जुनी जीप घेऊन माझ्याकडे यायचे. सोबत त्यांची बायको कोकिळाबाई. दोघं अकोटच्या बाजारातून भाजी उचलायची आणि मेळघाटचा घाट चढून धारणीच्या आठवडी बाजाराला न्यायची. गाडी त्याची, दुकान तिचं, अशी वाटणी होती. शालिग्रामभाऊ स्वभावानं इतके भिडस्त की एकट्यानं बसले असते तर अर्धी भाजी फुकट देऊन आले असते. कोकिळाबाई पातूरच्या माळी घरातली. वडिलांचा फुलांचा आणि भाजीचा मळा. भाजी नुसती हातात घेऊन ती किती तासांपूर्वी तोडली ते सांगायच्या. सासरी येताना त्यांनी माहेरून एक मोगरा कुंडीत लावून आणला होता, हे मला पुढं कळलं. तो पुढं या गोष्टीत येतो.

त्या वर्षी मी त्यांच्या जीपचे पाईप तपासले. मागच्या दांड्यावरच्या पाईपावर मातीचा हा एवढा थर. माती काढली, पाईप खरवडला, थोडासा गंज होता, पण लोखंड शाबूत होतं. मी पास केला. आणि माझं नेहमीचं पाठ असलेलं सांगितलं, “माती साचू देऊ नका. दर आठवड्याला गाडी खालून धुवा.” हे मी सगळ्यांनाच सांगायचो. शेडच्या भिंतीवर तेलरंगात लिहूनही ठेवलं होतं, खालून धुवा, ब्रेक वाचवा. अक्षर माझंच. मला त्या पाटीचा अभिमान होता.

होळीच्या सुमारास शालिग्रामभाऊंचा फोन आला. धारणीहून परतताना घाट उतरत असता एका वळणावर त्यांनी पेडल दाबलं. “भौ, पाय खाली गेला तो गेलाच. दुसऱ्यांदा मारला, तिसऱ्यांदा मारला, कायीच नाई.” माणूस भिडस्त असला तरी चाकामागे घाबरट नव्हता. त्यांनी गिअर खाली आणला, हँडब्रेक ओढला आणि जीप दरीकडून फिरवून डोंगराच्या अंगाला घासत नेली. पुढचं चाक नालीत गेलं आणि जीप थांबली. त्यांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. कोकिळाबाईंचं डावं मनगट मोडलं.

टेम्पोला बांधून जीप अकोल्याला आली. मी खाली शिरलो आणि चक्रावलो. मातीचा कण नव्हता. आयुष्यात कुठल्या गाडीचं पोट मी इतकं स्वच्छ पाहिलं नव्हतं. आणि पाईप सगळीकडून खाल्लेले. दांड्यावरचा पाईप फुटला होता, बाकीचेही बोटानं दाबले तर वाकत होते. पट्ट्यांच्या कडेनं पांढरी भुकटी. आठ-नऊ महिन्यांपूर्वी मी स्वतः खरवडून पाहिलेला पाईप तो हाच.

माणूस अशा वेळी आधी दुसऱ्याचं नाव शोधतो. त्या जीपचे पाईप तीन वर्षांपूर्वी आम्हीच टाकलेले होते, अमरावतीच्या एका दुकानातून आणलेले. मी त्या दुकानदाराला फोन करून नाही नाही ते बोललो. माल खोटा दिला, माणसं मेली असती, असं बरंच. बिचारा ऐकून घेत होता. शेवटी एवढंच म्हणाला, “त्याच मालाचे पाईप तुमी दुसऱ्या गाड्यांतही टाकले असतील ना भाऊ. ते कसे हायेत?” ते चांगले होते. मी फोन ठेवून दिला.

सगळे पाईप नवे टाकले, वरून प्लॅस्टिकचं कवच असलेले. काम झाल्यावर जीप पोचवायला मी आणि शकीलभाई स्वतः गेलो. निमित्त पोचवण्याचं होतं, खरं तर कोकिळाबाईंना तोंड दाखवायला हवं होतं.

घरात शिरताना पहिल्यांदा भिंती दिसल्या. गुडघ्यापर्यंत रंग फुगून सोललेला आणि त्यावर पांढरं पीठ पसरल्यासारखं. अंगणात बोरवेलच्या पाईपाशेजारी जीप धुवायची जागा होती. तिथली मातीही पांढरी. मी वाकून बोट लावलं, जिभेला लावलं. खारट.

पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना आमच्याकडे खारपाणपट्टा आहे. तिथं जमिनीखालचं पाणी खारं. हे वऱ्हाडातल्या शाळेत जाणाऱ्या प्रत्येक मुलाला ठाऊक असतं, मलाही होतं. पण अमरावतीला होतो तेव्हा घरी नळाला धरणाचं पाणी, अकोल्यात घरी आणि शेडमध्येही धरणाचंच. ‘धुवा’ म्हणताना माझ्या डोळ्यासमोर ते पाणी असायचं. समोरचा माणूस कुठल्या गावचा आहे आणि त्याच्या बोरला कसलं पाणी आहे, हे मी इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

“तुमी सांगतलं धुवा, आमी धुतली,” शालिग्रामभाऊ म्हणाले. “एक आठवडा चुकलो नाई. खाली झोपून पान्याचा पाईप मारून धुतली.” त्यांना ते स्वतःच्या निर्दोषपणासाठी सांगायचं होतं. मला ते ऐकवत नव्हतं.

कोकिळाबाई प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून खाटेवर बसल्या होत्या. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं असावं. “या पाण्यात डाळ शिजत नाई, साबनाले फेस येत नाई,” त्या म्हणाल्या. “माह्या मोगऱ्याले मी याचा थेंब लागू दिला नाई. अन् गाडीले दर आठवड्याले आंघोळ. मी पातूरची, पान्याचं मले कळाले पायजे होतं. माह्याच ध्यानात आलं नाई, तुमच्या कुठून येईन?”

त्यांनी माझी चूक अशी स्वतःच्या पदरात घेतली. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मी गडबडून म्हणालो, “मग आता असं करा, गोड्या पाण्यानं धुवा.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग कोकिळाबाई हसल्या. “गोड्या पान्यानं? गाडीले? भाऊ, तुमच्या हातात चाय हाये ना, तेवढंच गोडं पानी हाये घरात. तेही शेजारून आनलं.”

मग उलगडा झाला. बाजारातून परतताना घाटाच्या पायथ्याशी एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या विहिरीवर ते थांबायचे आणि प्लॅस्टिकच्या कॅन भरून घ्यायचे. गावात गोडं पाणी आठ-आठ दिवस येत नसे, त्या कॅनवर घर चालायचं आणि शेजारच्या दोन घरांनाही मिळायचं. जीप महिनाभर माझ्याकडे पडून होती, म्हणजे पाणीही बंद होतं. मी हातातल्या कपाकडे पाहिलं. तो चहा मी थेंबही न ठेवता प्यालो. शकीलभाईंनीही कप उलटा करून पाहिल्यासारखा रिकामा केला.

निघताना दाराशी कुंडी दिसली. मोगऱ्याच्या नुसत्या काड्या उरल्या होत्या. मी सहज विचारलं, याला काय झालं? कोकिळाबाई म्हणाल्या, “जळला. जीप ठोकली त्याच्या आधीच जळाले लागला होता. मले वाटलं ऊन लागलं.” मग त्यांनी परातीचं सांगितलं.

कॅन रात्रभर जीपमध्येच राहायच्या आणि त्यांतली एखादी थेंब थेंब गळायची. पाणी वाया जाऊ नये म्हणून कोकिळाबाई जीपच्या मागच्या बाजूला खाली परात ठेवायच्या. सकाळी परातीत जमेल ते मोगऱ्याला. त्या दिवसांत परातीत जरा जास्त जमायला लागलं होतं. कॅन जास्त गळून राहिली, असं त्यांना वाटलं.

ब्रेक ऑइलचं असं आहे की ते पाण्यात मिसळून जातं. डिझेलसारखा तवंग येत नाही. परातीत पाणी आहे की पाण्यात ऑइल आहे, नजरेला कळत नाही. मागचा पाईप पाझरायला लागला होता आणि त्या ते ऑइल रोज मोगऱ्याला घालत होत्या. शालिग्रामभाऊंनी त्याच दिवसांत डबीत दोनदा ऑइल टाकलं होतं. उन्हानं उडालं असेल, असं त्यांनी धरलं. ब्रेक ऑइल उडत नाही, ते कमी झालं म्हणजे कुठून तरी गेलंच. हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. धुवा एवढंच सांगितलं होतं.

मी हे समजावून सांगितल्यावर कोकिळाबाईंनी कुंडीतली एक वाळकी काडी मोडून पाहिली. “मंग तो सांगून राहिला होता,” त्या म्हणाल्या. “आमालेच समजलं नाई.”

परतीच्या एसटीतून अकोल्याला उतरताना शकीलभाई म्हणाले, “मुरलीभाऊ, आपन जे शिकवलं ते लोकायनं इमानदारीनं केलं. आता जाऊन उलटं शिकवा लागते.” दुसऱ्या दिवशी त्यांनी चुन्याची बादली आणली आणि माझी पाटी स्वतःच्या हातानं पुसून टाकली. अजूनही पावसाळ्यात भिंत ओली झाली की ती अक्षरं चुन्याखालून दिसतात.

पुढचे कितीतरी रविवार आम्ही दोघं मोटरसायकलवर खारपाणपट्ट्यातली गावं फिरलो. ज्यांना ज्यांना धुवा म्हटलं होतं त्यांच्या दारी गेलो. गाडीखाली शिरायचं, पाईप खरवडायचा आणि सांगायचं की धुऊ नका. माती वाळू द्या, लाकडी पट्टीनं काढा, केरसुणीनं झाडा, कोरड्या फडक्यानं पुसा, नटांवर आणि पट्ट्यांखाली पातळ ग्रीस लावा. जळकं इंजिन ऑइल मात्र मारू नका, त्यानं रबरी नळ्या फुगतात. लोक हसले. दर्यापूरकडच्या एका पाटलांनी तर ओट्यावर चार माणसं जमवून विचारलं, “पयले म्हनाले धुवा, आता म्हनता धुऊ नका. तिसऱ्यांदा याल तवा काय म्हनाल?” मी म्हटलं, तिसऱ्यांदा आलो तर माफी मागायला येईन, आता पाईप बघू द्या. त्यांच्या गाडीचा पाईप माझ्या हातातच तुटला. ओट्यावरची माणसं खाली उतरून बघायला आली. त्या फेऱ्यांत असे आणखी काही पाईप सापडले. एकाही घरातून आम्हाला कुणी शिव्या देऊन घालवलं नाही, जेवल्याशिवाय सोडलंही नाही.

पण कोकिळाबाई जीपमध्ये बसेनात. हात बरा झाला, प्लास्टर निघालं, तरी नाही. शालिग्रामभाऊ दोनदा एकटे धारणीला गेले आणि भाजी जवळजवळ तशीच घेऊन परत आले. तिसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन आला. “भौ, ते म्हनते का मुरलीभाऊ स्वता घाट उतरवून दाखवतीन तं बसतो.” वऱ्हाडात बायकोबद्दल असंच बोलतात, ‘ते म्हणते’.

मी लगेच हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर एक गोष्ट लक्षात आली. हजारो गाड्यांचे ब्रेक मी केले. शेडबाहेर काढून शंभर फुटांवर दाबून बघायचे आणि किल्ली मालकाच्या हातात द्यायची. स्वतः केलेल्या ब्रेकवर भरवसा ठेवून मी कधी घाट उतरलो नव्हतो. लोक रोज उतरत होते, माझ्या भरवशावर.

बाजार संपवून धारणीहून निघालो. मी चाकामागे, शेजारी कोकिळाबाई, मागे रिकाम्या टोपल्या आणि कॅन यांच्या गर्दीत शालिग्रामभाऊ. बाईंनी समोरची दांडी दोन्ही हातांनी धरली होती. उतार सुरू झाला. मी दुसऱ्या गिअरमध्ये उतरत होतो आणि प्रत्येक वळणावर माझा पाय आपोआप पेडलवर जात होता. ते वळण आलं तेव्हा त्या म्हणाल्या, “इथं थांबवा.”

मी पेडल दाबलं. जीप थांबली. नेहमीसारखीच, काही विशेष न घडता. मला मात्र डोळ्यांत पाणी येईल असं वाटलं आणि मी खोटंच आरशाकडे बघत बसलो.

कोकिळाबाई उतरल्या. पदर खोचून मागच्या चाकापाशी बसल्या, हात आत घालून दांड्यावरच्या पाईपावरून बोटं फिरवली आणि मग ती बोटं बघितली. “कोरडं हाये,” म्हणाल्या आणि येऊन बसल्या. पायथ्याच्या विहिरीवर आम्ही कॅन भरल्या.

त्या दिवशी आमचं ठरलं. बाजारातून आलं की कॅन लगेच घरात न्यायच्या, जीपमध्ये ठेवायच्या नाहीत. मग परात ठेवायची, पण आता पाण्यासाठी नाही. चाकांजवळ आणि पुढं डबीखाली फिरवून ठेवायची. बाजाराच्या दिवशी निघण्याआधी बघायची. कोरडी असेल तर जायचं, ओल दिसली तर नाही. आणि त्यांनी मला फोनची एक रिंग द्यायची, मी उचलायचा नाही. एक रिंग म्हणजे परात कोरडी.

ही परात मी माझ्या शेडमध्येही आणली. मुक्कामाला आलेल्या प्रत्येक गाडीखाली परात जायची. गिऱ्हाइकं विचारायची, “काहून भाऊ, गाडीले जेवाले वाढलं का?” मी म्हणायचो, हो, आणि सकाळी पानात काही टाकलंय का ते बघतो. या साध्या परातीनं मला यंत्रापेक्षा जास्त दोष दाखवले.

बाजाराच्या दिवशी सकाळी सहाच्या सुमारास रिंग यायची आणि बंद व्हायची. बायको म्हणायची, आली तुमची परात, आता चहा घ्या. चार वर्षं हे चाललं. एका सकाळी रिंग थांबली नाही. मी उचलला. “भाऊ, परातीत ओल हाये,” कोकिळाबाई म्हणाल्या. “बोटाले बुयबुयीत लागून राहिली. भाजी भरून झाली, पन आमी जाऊन नाई राहिलो.” मी आणि शकीलभाई दुपारी पोचलो. पाईप ठीक होते. चाकाच्या आत ऑइल अडवून धरणारं रबर गेलं होतं आणि ऑइल तिथून गळत होतं. आणखी एक घाट त्यानं काढला नसता. त्या दिवसाची सगळी भाजी कोकिळाबाईंनी गल्लीत वाटली, आणि आम्हाला वांग्याची भाजी आणि भाकरी वाढली. नव्यानं लावलेल्या मोगऱ्याची चार फुलं त्यांनी शकीलभाईंच्या हातात दिली, त्यांच्या घरच्यांसाठी.

आता ती जीप नाही. त्यांनी पिकअप घेतली आहे. तिला ब्रेकच्या दोन वाटा आहेत आणि ऑइल कमी झालं की समोर लाल दिवा लागतो. गावात नळाला गोडं पाणीही पूर्वीपेक्षा बरं येतं म्हणतात. मला काम सोडून दोन वर्षं झाली. शेड शकीलभाईंचे जावई चालवतात, दुहेरी घडी ते सासऱ्याइतकीच चांगली मारतात. गाडीखाली शिरायला आता माझी कंबर ऐकत नाही.

बाजाराच्या दिवशी सकाळी सहाला फोन मात्र अजून एकदा वाजतो आणि थांबतो. मागच्या महिन्यात राहवलं नाही म्हणून मी उलटा फोन लावला. म्हटलं, बाई, आता गाडीत दिवा आहे, काही झालं तर तोच सांगतो. परात कशाला ठेवता आणि रिंग कशाला देता?

पलीकडून गाडी सुरू असल्याचा आवाज येत होता. “दिवा डायवरले सांगते भाऊ,” कोकिळाबाई म्हणाल्या. “तुमाले कोन सांगन?”